भैरवगड पॉवरचे पाच हजार शेअर

तीन वेळा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगायला सुरुवात करण्याआधी कौसल्येनं भैरवगड पॉवर कंपनीचा वार्षिक अहवाल मांडीवर मिटला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. दादासो तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत की ऐकताहेत, हे त्या घरात पन्नास वर्षांत कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नव्हतं.

शेळगावच्या घराच्या सोप्यात वाटणीची बैठक बसली होती आणि तिला आता अडीच तास होत आले होते. दसरा होऊन गेला होता, कारखान्याकडे उसाची नोंद द्यायला आठवडा राहिला होता, आणि ऊस कुणाच्या नावानं नोंदवायचा हे ठरल्याशिवाय पुढं काही हलणार नव्हतं. म्हणून चौऱ्याण्णव सालचा हा रविवार धरून सगळे जमले होते. बावड्याहून दत्तोबामामा पंच म्हणून आले होते आणि आल्यापासून तीन कप चहा पिऊन बसले होते.

जमीन चौदा एकर, सगळी कालव्याखालची. लाख रुपये एकर हा भाव शेंबडं पोरही सांगत होतं, त्यामुळं जमिनीवरून वाद नव्हता. वाद होता लोखंडी ट्रंकेतल्या कागदांवरून. पाच वर्षांपूर्वी तात्यांनी आपला शेवटचा कळप मोडला, सव्वाशे मेंढ्या विकल्या, आणि आलेल्या पन्नास हजारांचे या वीज कंपनीचे पाच हजार शेअर घेतले, दहा रुपयाला एक. आज त्या एका कागदाचा बाजारात एकशेवीस रुपये भाव होता. म्हणजे सहा लाख झाले. इतकी वीण कुठल्या मेंढीनं तात्यांना दिली नव्हती.

त्यांच्या घराण्यात वाटणीची रीत ठरलेली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. त्याप्रमाणं मानसिंगनं वाटे पाडले होते. एका वाट्यात दहा एकर जमीन. दुसऱ्यात चार एकर आणि सगळे शेअर. एकशेवीसच्या भावानं दोन्ही वाटे दहा-दहा लाखांचे. धाकट्या शंभूराजनं एकावर बोट ठेवायचं आणि जेवायला उठायचं, इतकं सोपं काम होतं. पण तात्यांना मधेच सुचलं की धाकटी सून बारामतीच्या कॉलेजात तासावर का होईना हिशोब शिकवते, तर शेअरचा भाव खरा आहे का खोटा हे तिला विचारावं.

तिनं खरं सांगितलं आणि तिथून सगळं बिनसलं.

"साठ," ती चौथ्यांदा म्हणाली. "माझ्या हिशोबानं एका शेअरची किंमत साठ रुपये. वाटे सारखे नाहीत. शेअरचा वाटा तीन एकरानं हलका पडतोय, दीड एकर इकडची तिकडं करायला हवी."

"आगं पन छापून येतंय की पेपरात!" मानसिंग कळवळून म्हणाला. त्यानं पेपरची घडी दहाव्यांदा तिच्यापुढं सरकवली. "एकशेवीस. हे बघ. त्यो पेपरवाला काय येडा हाय व्हय?"

"भाऊजी, बाजारात तेवढ्याला विकला जातोय हे खरंच आहे. मी म्हणते, तेवढ्याच्या लायकीचा नाही."

"इकला जातोय आन् लायकीचा न्हाय," दत्तोबामामांनी सोप्यातल्या खांबाला सांगितलं. "जी वीज रातच्याला येती आन् दिवसा जाती, तिचा भाव एकशेवीस. आमाला तर पंधरा रुपयं बी जास्त वाटत्यात."

"मामा, ती कंपनी वेगळी."

"वीज तीच न्हवं?"

कौसल्येनं कपाळाला हात लावला. शेजारी तिचा नवरा शंभूराज हातातली सुपारी कातरत होता. बारामतीच्या एमआयडीसीत तो नोकरीला होता, पण जेवणाच्या सुट्टीत डबा खायचा तो एका शेअर दलालाच्या बाकड्यावर बसून. या सगळ्या भानगडीतलं त्याला बाकी कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. काल रात्री दोन तास बसून तिनं त्याला हाच अहवाल समजावला होता. सकाळी निघताना स्कूटरला किक मारत तो म्हणालाही होता, "तू म्हणशील तो वाटा उचलतो. झालं?" आणि ती म्हणाली होती, जमीन. तिला दुसरं काही नको होतं. तिची नोकरी तासावरची, त्याचं चित्त बाकड्यावर, आणि लेक सृष्टी आता सहावीत. दहा एकर ऊस पाठीशी असला तर पोरगी शिकेल, हे तिनं त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता सांगताना तिला स्वतःचाच कंटाळा यायचा.

"तात्या," ती सासऱ्यांकडे वळली, "मेंढी विकत घेताना तुम्ही काय बघायचा?"

तात्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "दात."

दत्तोबामामा एवढ्या मोठ्यानं हसले की परसातली कोंबडी ओरडली.

"दातानंतर?" कौसल्या चिकाटीनं म्हणाली.

"लोकर किती देती. कोकरं किती देती. कळप कुणाच्या रानात खताला बसवला तर किती धान्य मिळतंय."

"म्हणजे वर्षाला ती किती मिळवते ते. मग तिची किंमत किती वर्षांत निघते?"

"तीन वर्षांत निघाय पायजे. चौथं लागलं तर म्हाग घेतली म्हनायची."

"झालं. कंपनीचंही तेच बघतात. एका शेअरमागं कंपनीनं वर्षाला मिळवलं बारा रुपये, आणि शेअरचा भाव आहे एकशेवीस. म्हणजे दहा वर्षांच्या कमाईला तो विकला जातोय. याला दहा पट म्हणतात."

तात्यांनी डोळे उघडले. "धा वरसं? मग लईच म्हाग की गं!"

"कंपनी मेंढीसारखी म्हातारी होत नाही तात्या, म्हणून पट जास्त असते. बाकीच्या वीज कंपन्या पंधरा पटीला विकल्या जातात."

"बघा!" आता मात्र शंभूराजची सुपारी कातरायची थांबली. "ती पंधरा पट आन् आपली धाच पट. मंजी आपला स्वस्तातच हाय. पंधरा बारं एकशेऐंशी. आमचा दलाल हेच म्हनतोय."

कौसल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. काल रात्री दोन तास तिनं कुणाशी बोलण्यात घालवले, असा प्रश्न तिला पडला.

"बारा रुपये खरे असतील तर एकशेऐंशी," ती दात आवळून म्हणाली. "पण ते खरे नाहीत. मागं बारीक अक्षरात छापलंय. कंपनीची शहरात एक जुनी जागा पडून होती, ती त्यांनी गेल्या वर्षी विकली. त्या जागेचे पैसे या बारा रुपयांत धरलेत. बारातले आठ रुपये त्या जागेचे. वीज विकून मिळवले ते फक्त चार. चारच्या पंधरा पट साठ होतात. मी साठ म्हणते ते हवेतून म्हणत नाही."

माजघराच्या दारात बसून शेंगा फोडणाऱ्या थोरल्या जावेनं, लीलाबाईनं, मान वर केली.

"तात्या, असं बघा," कौसल्येला आता जोर चढला. "एका वर्षी तुम्ही कळपातल्या वीस मेंढ्या खाटकाला विकल्या. आणि ते पैसे लोकरीच्या पैशात मिसळून गिऱ्हाइकाला सांगितलं, बघा, माझा कळप वर्षाला एवढं मिळवतो. तर?"

"असं कोन सांगंल?" तात्या चिडलेच. "इकलेली मेंढी पुढच्या वर्साला लोकर देती व्हय? असं सांगनाऱ्याला आमी बाजारात हुबं करत न्हवतो."

"कंपनीनं तेच केलंय."

तात्यांच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की त्यांना कळलं. अडीच तासांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं अर्ध्या मिनिटाचं ठरलं, कारण कळल्याबरोबर म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"मंजी माझा कळप मी फुकट घातला व्हय?"

"तसं नाही तात्या. दहाचे साठ झाले की. कुठं फुकट गेला?"

"आत्ता एकशेवीस हुते. तू आलीस आन् साठ झाले."

मानसिंगनं संधी साधली. "थांबा. हिच्या म्हनन्यानं साठ किंमत हाय न्हवं? मग मला साठनं दे समदे. मी घेतो. लिहून दे."

"आणि उद्या बाजारात एकशेवीसनं विकणार!"

"मंजी एकशेवीसच झाली की किंमत!" मानसिंगनं मांडीवर थाप मारली. दत्तोबामामांनीही मान हलवली. त्यांना आता सगळं लख्ख कळलं होतं, फक्त उलटं.

कौसल्येला वाटलं, हा अहवाल चुलीत घालावा आणि उठून जावं. वर्गातली पोरं बरी, त्यांना निदान परीक्षेची भीती असते. तरी तिनं आवाज खाली ठेवला. "मग सगळ्यात सरळ सांगते. उद्याच्या उद्या सगळे शेअर विकून टाका. बाजार एकशेवीस देतोय तर घ्या. तीन लाख भाऊजींना, तीन लाख आम्हाला, सात-सात एकर जमीन. माझा हिशोब खरा का खोटा हा प्रश्नच उरत नाही."

एवढं सोपं उत्तर होतं. ते तिथल्या तिथं मरून पडलं.

"न्हाय," तात्या म्हणाले. "एकदा कळप मोडला. बिरदेवापुढं सांगितलं मी, ह्यो बदललेला कळप हाय, ह्यो मोडनार न्हाय. मी हाय तवर एक कागद इकायचा न्हाय. ज्याच्या वाट्याला यील त्यानं भंडारा उचलून तसं बोलायचं."

"तात्या, ते कागद आहेत. त्यांना चारा लागत नाही, पाणी लागत नाही..."

"म्हनूनच म्हनतोय. हायेत तिथं राहू देत."

दत्तोबामामांना भूक लागली होती. त्यांनी पंचाचा अधिकार वापरला. पेपरात छापलेला भाव तोच खरा भाव, वाटे आहेत तसेच राहतील, सूनबाईनं कष्ट घेतले त्याबद्दल आभार. शंभूराजनं वाटा उचलावा.

कौसल्येचा अपमान झाला होता, पण मनातून तिला हायसं वाटलं. तिचं खरं त्यांनी नाकारलं होतं, तर त्यात तिचाच फायदा होता. हिशोबानं साडेआठ एकर यायची, ती आता दहा येत होती. तिनं सांगून पाहिलं होतं, लपवलं काही नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहून डोळ्यांनीच खुणावलं.

शंभूराजनं सुपारी तोंडात टाकली आणि घसा खाकरला.

"उचला भावजी," लीलाबाई दारातून हसत म्हणाली. "का बारामतीच्या बाईंची परवानगी झाली न्हाय अजून?"

मानसिंग हसला. मामा हसले.

"परवानगी कसली," शंभूराज म्हणाला.

"न्हाय, मी आपलं इचारलं. आता घरात हिशोब बाईच करती म्हनल्यावर वाटा बी बाईच उचलनार. रोज दलालाकडं जाऊन बसताय, मला वाटलं तुमाला बी त्यातलं कायतरी कळत आसंल. तसं न्हाय म्हना. जमीनच उचला. त्यात डोस्कं लागत न्हाय."

"अक्का!" कौसल्या म्हणाली.

"मी काय वंगाळ बोलले व्हय? तात्यांचा कळप हाय त्यो. कुनी सांभाळायचा म्हनलं तर दम पायजे. आमच्या ह्यांच्यात हाय. त्ये सांभाळतील."

शंभूराजचे कान लाल झाले. त्याच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि कान लाल झाले की पुढं काय होतं ते कौसल्येला पाठ होतं. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली.

"शेअर," तो म्हणाला. "चार एकर आन् शेअर माझे. तात्या, तुमचा कळप मी सांभाळतो. कुनाच्या सांगन्यानं चालनारा मी न्हवं."

"अरं पन..." मानसिंगचं तोंड उघडंच राहिलं. त्याचा जीव शेअरवर होता हे आता कुणापासून लपलं नाही. "अरं, मला वाटलं तू जमीन..."

"धाकट्यानं उचललं," मामांनी पंचाच्या आवाजात सांगितलं. "झालं. ताटं घ्या."

तात्यांनी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी मागवली. शंभूराजनं चिमूट कपाळाला लावली आणि खणखणीत आवाजात बोलला, तात्या आहेत तोवर एक शेअर विकणार नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. थोरल्याला सोडून धाकट्याला त्यांनी जवळ घेतलं. मानसिंग तोंड पाडून बाहेर बैलांकडे निघून गेला. दहा एकर कालव्याखालची जमीन मिळालेला माणूस एवढा दुःखी कौसल्येनं कधी पाहिला नव्हता.

तिनं वाटणीचा कागद लिहिला, कारण अक्षर तिचंच बरं होतं. एकशेवीस हा आकडाही तिनंच लिहिला.

स्वयंपाकघरात लीलाबाई भाकरी थापत होती. कौसल्या आत गेली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण अडीच तास बोलून घशाला कोरड पडली होती.

"काय मिळालं अक्का तुम्हाला? माझा नवरा चार माणसांत चिडवून?"

"धा एकर," लीलाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं शांतपणे उलटली.

कौसल्या दार सोडून पुढं आली.

"तुझं समदं कळलं मला. त्या खाटकाच्या मेंढ्यांचं बोललीस तवाच कळलं. माझ्या बापाचा चारशेचा कळप हुता. एका साली आमी कर्ज फेडायला निम्मा इकला, आन् गावात समदे म्हनाय लागले, यंदा बरीच कमाई झाली जनू! पुढच्या साली घरात खायाला न्हवतं." तिनं पुढचा उंडा परातीत घेतला. "आमचं मानूस महिनाभर शेअर शेअर करत हुतं. मी सांगून दमले. त्येला शेअर मिळू द्यायचा न्हवता तर भावजींना द्यावा लागत हुता. दुसरी वाट न्हवती."

"म्हणजे या घरात माझ्यावर विश्वास फक्त तुम्ही ठेवला."

"व्हय."

"आणि म्हणून माझ्याच गळ्यात बांधले."

लीलाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत खोडी नव्हती, थोडी लाज होती, आणि लाजेपेक्षा जास्त सुटका होती. "माझी बी दोन लेकरं हायेत कौसल्या. तू रागाव. मी रागावू नगंस म्हननार न्हाय. पन तू हे समद्यांपुढं कशाला सांगितलंस गं? गप बसली असतीस तर धा एकर तुझीच हुती."

"तात्यांनी विचारलं होतं."

"इचारलं म्हनून काय समदं सांगायचं?"

गेली तेरा वर्षं कौसल्या या घराला समजावत आली होती, आणि शेवटी एकाच माणसाला समजलं, तर ते असं. तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली कुठंतरी या बाईबद्दल कौतुकही वाटत होतं, त्याचा आणखी राग येत होता. ती जेवली नाही.

उन्हं कलल्यावर शंभूराजनं स्कूटर काढली. शेअरची ट्रंक पाय ठेवायच्या जागेत दोरीनं बांधली आणि शीळ घालत स्कूटर हलवून टाकीत पेट्रोल किती आहे ते पाहिलं. निघता निघता कौसल्या तात्यांच्या पाया पडायला गेली. ते कट्ट्यावर बसले होते. सकाळपेक्षा थकलेले दिसत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझं बरूबर असंल. मेंढीचं सांगितलंस तवा मला बी पटलं. पन मी हाय तवर ऱ्हाऊ दे. माझ्यामागं काय करायचं ते करा."

"हो तात्या."

ती वाकली. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तात्यांना आता त्र्याहत्तर. गेल्या पावसाळ्यात छातीचं दुखणं झालं होतं, खोकला अजून गेला नव्हता. तीन वर्षं. फार तर चार. तोवर लोकांना ती बारीक अक्षरं वाचता आली नाहीत, तर भाव टिकेल. पाच वर्षं लागली तर मात्र...

आपण काय मोजतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तात्यांचा हात अजून तिच्या डोक्यावरच होता आणि ते तिला आशीर्वाद देत होते.

स्वतःची एवढी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती. तिनं घाईनं पुन्हा एकदा त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, मघापेक्षा जरा जास्त वेळ, आणि उठताना म्हणाली, "खोकल्याचं औषध वेळेवर घेत जा तात्या. बारामतीच्या डॉक्टरांना दाखवू आपण. मी येते न्यायला."

"कशाला गं उगा खर्च," तात्या म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. मग ती ट्रंकेवर पाय लागू नये म्हणून अंग चोरून स्कूटरवर मागं बसली.